कपाळाला लावलेला पेला

हंगेरीत जाऊन मी दारू प्याले, असं आमच्या गावातले दोन-चार म्हातारे अजून सांगतात. सांगताना गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा असतो आणि डोळ्यांत मजा असते. नव्या सुनांना सांगतात, एसटीची वाट पाहणाऱ्या परक्या माणसालाही सांगतात. मी समोरून गेले की गप्प बसतात आणि मोठ्या आदराने "राम राम, बाई" म्हणतात. त्या राम रामाने माझ्या अंगाचा जो तिळपापड होतो तो एवढ्या वर्षांत तसूभर कमी झालेला नाही. म्हणून जे घडलं ते एकदाचं लिहून काढते.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं. थोडी ओलिताची जमीन, तिच्यात संत्र्याची बाग आणि विहिरीजवळ कलमांची नर्सरी. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, हे काम नवऱ्याचं आणि माझं. तो खुंटाला चीर द्यायचा, मी डोळा बसवून वरून पट्टी गुंडाळायचे. माणूस मुळातच कमी बोलणारा. दिवसभर शेजारी बसून काम केलं तरी "पाणी दे" आणि "पुढचं घे" यापलीकडे शब्द नाही. पण सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, हात उगारणं तर लांबच राहिलं. आजूबाजूच्या बाया मला नशीबवान म्हणायच्या आणि मलाही ते पटायचं.

त्या बायांच्या घरी तसं नव्हतं. सेवाग्राम-पवनारचा जिल्हा म्हणून सरकारने आमच्याकडे दारूबंदी केली होती. म्हणजे बंदी कागदावर होती आणि दारू नाल्यावर होती. नाल्याच्या काठी पळसाच्या आडोशाला मोहाची भट्टी लागायची आणि गावातले निम्मे बाप्ये संध्याकाळी तिकडून झोकांड्या खात यायचे. आमच्या नर्सरीत निंदायला येणारी एक बाई होती, बौद्धपुऱ्यातली, माझ्याच वयाची. तिचा नवरा तिची मजुरी भट्टीवर नेऊन टाकायचा आणि वर तिलाच बडवायचा. एक दिवस ती सुजलेला डोळा घेऊन कामावर आली आणि हातातलं खुरपं खाली टाकून म्हणाली, "बाई, आता बस झालं. चाल, भट्टी फोडू."

आम्ही फोडली. ती, मी आणि आणखी वीसेक बाया. मडकी फोडली, मोहाचा सडवा नाल्यात ओतला, पाइप वाकडा केला. पंधरा दिवसांत भट्टी पुन्हा लागली, आम्ही पुन्हा फोडली. पोलीस येऊन आम्हालाच कायदा हातात घेऊ नका म्हणून सांगून गेले. भट्टी चालवणारा इसम आमच्या संत्रा सोसायटीच्या अध्यक्षांचा सख्खा मेहुणा होता आणि नाल्याकाठची ती जमीन अध्यक्षांची होती, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अध्यक्ष मात्र दोन ऑक्टोबरला खादीची टोपी घालून शाळेत व्यसनमुक्तीवर भाषण द्यायचे. बेचाळीसच्या लढ्यातल्या या मातीला दारूचा डाग नको, असं म्हणताना त्यांचा गळा दाटून यायचा.

आणि हेच अध्यक्ष मला हंगेरीला घेऊन गेले.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. दोन सरकारांमध्ये काहीतरी करार झाला होता आणि आमच्या भागातल्या आठ फळबागायतदारांचं एक पथक तिकडच्या सहकारी बागा पाहायला जाणार होतं. त्यात एक तरी बाई हवी, असं वरून आलं होतं. मी मॅट्रिक होते, कलमांचं सरकारी शिक्षण घेतलेलं होतं. अध्यक्ष स्वतः घरी आले, ओसरीवर बसून चहा प्याले आणि नवऱ्याला म्हणाले, "वहिनीले पाठव. गावाचं नाव होईन." मला वाटलं, मागचं सगळं माणूस विसरला, मोठ्या मनाचा आहे. माझी सासू फक्त एवढंच म्हणाली, "पोळा झाला का लगेच हरतालका येते. लक्षात ठेवजो. तिकडं कोणी आठवण करून देनार नाई." मी म्हटलं, ठेवीन.

लग्न झाल्यापासून मी हरतालिकेचा उपास एकदाही चुकवला नव्हता. आमच्या घरी तो कडक. दिवसभर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून. बुडापेस्टच्या हॉटेलात मी कालनिर्णयाचं फाडून आणलेलं पान आरशाला टोचून ठेवलं होतं. ज्या दिवशी हरतालिका, नेमकी त्याच दिवशी आमची एक दिवसाची सहल निघाली. एगर नावाचं जुनं गाव, तिथला किल्ला आणि तिथली द्राक्षाच्या दारूची तळघरं.

सकाळी न्याहारीला मी गेले नाही. अध्यक्षांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते हसले. "वहिनी, समुद्र वलांडला का उपास लागत नाई. देवाले का इथलं दिसते?"

"देवाचं मले मालूम नाई," मी म्हटलं. "ज्याच्यासाठी करतो थो मानूस तं तिकडंच आहे ना."

म्हणजे त्या दिवशी माझ्या तोंडात पाणीही जाणार नाही, हे अध्यक्षांना सकाळीच माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

आमच्या सोबतीला एक गाइड होती. चाळिशीची, जाड चष्म्याची, विद्यापीठात हिंदी शिकलेली. भारतात ती कधी आलेली नव्हती, त्यामुळे तिची हिंदी रेडिओवरच्या बातम्यांसारखी होती. "कृपया अपना-अपना आसन ग्रहण करें," असं ती बसमध्ये म्हणाली आणि आमचे पुरुष आसन म्हणजे काहीतरी हसण्याची गोष्ट असल्यासारखे फिदीफिदी हसले. मला लाज वाटली. बाई बिचारी आपली भाषा बोलायची खटपट करते आहे, तर तिचं कौतुक करायचं की दात काढायचे?

एगर मला आवडलं. डोंगराच्या उतारावर द्राक्षाचे वेल, खाली पिवळ्या भिंतींची घरं आणि मधोमध किल्ला. चारशे वर्षांपूर्वी तुर्कांच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला होता. आतली माणसं मूठभर, बाहेर फौजच फौज. मग किल्ल्यातल्या बायका तटावर चढल्या. त्यांनी उकळतं डांबर, गरम पाणी, दगड, हाताला लागेल ते खाली लोटलं आणि तुर्क परत गेले. गाइड हे सांगताना तटाच्या कडेला उभी राहून हाताने लोटून दाखवत होती. मला आमची मडकी आठवली. मी तिला विचारलं, "उन औरतों के नाम?"

ती थांबली. सरदाराचं नाव तिला येत होतं, त्याच्या हाताखालच्या दोघांचीही येत होती. "नाम तो ज्ञात नहीं हैं," ती म्हणाली आणि तिने चष्मा पुसला.

गावात तुर्कांच्या काळातला एक उंच मनोरा शिल्लक आहे. त्याचा जिना इतका अरुंद की एकच माणूस कसाबसा चढेल. अध्यक्षांनी हौसेने चढायला सुरुवात केली आणि त्यांची ढेरी मध्येच अडकली. ना वर, ना खाली. मागचे दोघे त्यांना ओढत होते आणि ते आतून ओरडत होते, "हळू रे, शर्ट फाटून राह्यला!" एवढं एक दृश्य मी त्या सहलीतून मनापासून गोळा केलेलं आहे.

दुपारी तळघरांकडे गेलो. गावाबाहेर एक दरी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मऊ दगडात कोरलेली तळघरं आहेत, प्रत्येकाला लाकडी दार. गाइड म्हणाली, "इस स्थान का नाम है सुंदर स्त्रियों की घाटी." झालं. आमच्या सातही पुरुषांच्या अंगात वारं शिरलं. एकाने टोपी सारखी केली, एकाने मिशीवरून हात फिरवला. सगळे सासरे झालेले, एक तर आजोबा झालेला.

आत गारवा होता, आमच्याकडे विहिरीत उतरल्यावर लागतो तसा. भिंतींवर काळी मऊ बुरशी, कापसाच्या थरासारखी, आणि तिच्यात लोकांनी हौसेने नाणी चिकटवलेली. रांगेने मोठाली लाकडी पिंपं. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने काचेची लांब फुगीर नळी पिंपात बुडवून तोंडाने ओढली आणि तिच्यातून पेल्यांमध्ये लाल धार सोडली. इथल्या दारूला बैलाचं रक्त म्हणतात, असं गाइडने सांगितलं मात्र, सातही जणांनी पेले खाली ठेवले. पोळा होऊन चार दिवस झाले नव्हते. ज्याच्या शिंगांना बेगड लावून, ज्याला पुरणपोळी चारून आलो, त्याचं रक्त? एक जण तर दाराकडे निघाला. गाइड घाबरली. नुसतं नाव आहे, वेढ्याच्या वेळी सैनिकांच्या दाढ्या लाल दिसल्या म्हणून तुर्कांना तसं वाटलं, आत फक्त द्राक्षं आहेत, असं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. फक्त द्राक्षं आहेत म्हटल्यावर आमच्या मंडळींचा धर्म सुरक्षित झाला. मग मात्र ते प्याले ते प्याले. व्यसनमुक्तीचं भाषण देणाऱ्याने तर पहिल्या पिंपापासून शेवटच्या पिंपापर्यंत एकही सोडलं नाही.

मी एका बाकावर बसले होते. घशाला कोरड पडली होती, डोकं दुखत होतं. गाइड जवळ येऊन म्हणाली, "आप जल भी ग्रहण नहीं करेंगी? आप अस्वस्थ हैं?" मी तिला उपासाचं सांगितलं. तिने ते त्या म्हाताऱ्याला त्यांच्या भाषेत सांगितलं. त्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तो आत गेला आणि कोपऱ्यातल्या छोट्या पिंपातून एक पेला भरून घेऊन आला. सोनेरी, मधासारखी. इतरांना तो बसून देत होता, माझ्यासमोर मात्र टोपी काढून उभा राहिला. गाइड म्हणाली, ही त्याच्या स्वतःच्या मळ्यातली आहे, त्याच्या बायकोने लावलेल्या वेलांची. बायको आता नाही. ही तो विकत नाही.

आता काय करायचं? घ्यायची तर नव्हतीच. पण कोणाच्या घरी जाऊन त्याने दोन्ही हातांनी पुढे केलेली वस्तू नको म्हणून ढकलायची, हे आमच्या रक्तात नाही. आमच्याकडे उपास असताना कोणी प्रसाद दिला, जेवायला वाढलं, तर आपण काय करतो? दोन्ही हातांत घेतो, कपाळाला लावतो आणि परत देतो. तुमचं अन्न मला पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. लहानपणापासून आजीला, आईला, सासूला मी हेच करताना पाहिलं होतं. माझे हात आपोआप तसेच वळले. मी पेला घेतला, डोळे मिटले, कपाळाला लावला आणि म्हाताऱ्याच्या हातात परत दिला.

नेमका त्याच वेळी उजेड चमकला. अध्यक्षांनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला आणि म्हणाले, "वा वहिनी! आठवन राहीन."

म्हाताऱ्याला मात्र बरोबर कळलं होतं. त्याने तो पेला माझ्याकडे पाहत स्वतः पिऊन टाकला आणि मान लववली. माझ्या भाषेचा एक शब्द त्याला येत नव्हता. परतताना बसमध्ये आमची मंडळी मोठमोठ्याने भजनं म्हणत होती आणि अध्यक्ष मध्येच उठून सगळ्यांना सांगत होते, "इथलं इथंच ठेवा रे, बाप्पा. गावात कोनी काई बोलू नका." मीही मान हलवली. मला वाटलं, हे त्यांच्या पिण्याबद्दल चाललं आहे.

गावी परतल्यावर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. अध्यक्षांनी भाषणात किल्ला सांगितला, मनोरा सांगितला, सुंदर स्त्रियांची दरी गाळली. दिवाळी झाली. थंडी पडू लागली तशी नाल्यावर पुन्हा भट्टी लागली, आधीपेक्षा मोठी. माझी मैत्रीण माझ्याकडे आली. येत्या बाजाराच्या दिवशी, बाप्ये आष्टीला गेले की जायचं, असं ठरलं. बायांना निरोप गेले.

आणि त्याच आठवड्यात एसटी थांब्याजवळच्या पानठेल्यावर माझा फोटो लागला. रंगीत, मोठा करून घेतलेला. आरशाच्या बाजूला खिळा ठोकून. मागे पिंपं, माझ्या हातात पेला, डोळे मिटलेले. खाली कोणीतरी खडूने लिहिलं होतं, "दारूबंदीवाली बाई". आमच्या गावात फोटो कोणाच्या घरी असतो तर तो लग्नाचा किंवा मेलेल्या माणसाचा. जिवंत बाईचा फोटो पानठेल्यावर टांगलेला मी तोवर पाहिला नव्हता.

एका दिवसात गावभर झालं. खर्रा न खाणारे लोकही खर्रा घ्यायला जाऊ लागले. दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. एक जण माझ्या तोंडावर म्हणाला, "बाई, तिकडची गोड रायते म्हनते, नाई?" मी त्याला सांगितलं की मी पाण्याचाही थेंब घेतला नव्हता, प्याले ते तुमचे सात पुढारी, ढोसून भजनं म्हणत आले. तो खो खो हसला. "बाप्याचं काय वो? बाप्ये तं पेतातच!"

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. प्यालेल्या सात जणांना कोणी काही विचारलं नाही. त्यांच्या हातातल्या पेल्यांचे फोटो नव्हते, कारण कॅमेरा त्यांच्यातल्याच एकाच्या गळ्यात होता. आणि न प्यालेली एकटी मी, मी मात्र खुलासे देत फिरत होते. काय म्हणून? उपासाच्या दिवशी पाण्याशिवाय राहिले म्हणून? एका म्हाताऱ्याचा मान ठेवला म्हणून? मी अध्यक्षांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. "वहिनी, मी काऊन बोलू? मी काई म्हटलंच नाई," ते म्हणाले. "फोटो आहे. ज्याले जे दिसते थे दिसते." त्यांच्या बायकोने मला चहा विचारला नाही. मी आयुष्यात कोणाच्या अंगणात थुंकलेले नाही, पण त्या दिवशी थुंकावंसं वाटलं.

मला गावाचं एवढं वाटत नव्हतं. माझा जीव अडकला होता तो त्या वीस बायांमध्ये. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून नवऱ्यांचा मार खाल्ला होता. मी कोणाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि ती आतून म्हणाली, "आज नाई जमत, बाई," तर मी काय बोलणार होते? भट्टी राहिली असती आणि मी तोंड लपवत नर्सरीत पट्ट्या गुंडाळत बसले असते. अध्यक्षांना तेच हवं होतं.

बाजाराच्या दिवशी मी हनुमानाच्या पारावर जाऊन बसले. येतील की नाही, ठाऊक नव्हतं. हळूहळू आल्या, पण लांब लांब उभ्या राहिल्या. कोणी माझ्याकडे बघेना. मग माझी मैत्रीण आली. हातात तो फोटो. पानठेल्यावरून खिळ्यासकट उपटून आणला होता. तिने फोटो पारावर सगळ्यांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाली, "या वो, पाहा. बाप्याइनं पाह्यला, आता आपन पाहू."

बाया वाकल्या. एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहत होती. मग तिने माझ्याकडे मान वर केली. "अवो, हे तं डोक्शाले लावून राह्यली."

"मंग?" माझी मैत्रीण कडाडली. "कपायानं कोनी दारू पेते काय वो? कोन्या बाप्यानं पेली आजलोक?"

कोणीतरी आधी हसली आणि मग सगळ्याच हसू लागल्या. म्हातारी स्वतःच्या कपाळाला तांब्या लावून दाखवत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "उपास होता ना तुया त्या दिवशी? हरतालका होती ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. जी गोष्ट गावातल्या शिकलेल्या, पुढारलेल्या, पेपर वाचणाऱ्या एकाही बाप्याला दिसली नाही, ती या बायांना एका नजरेत दिसली होती. दिसली नाही की पाहायची नव्हती, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

त्या दुपारी आम्ही भट्टी अशी फोडली की जागेवर ठिकरी उरली नाही. अध्यक्षांचा मेहुणा शिव्या देत पळाला. माझ्या मैत्रिणीने सडव्याचं शेवटचं मडकं डोक्यावर उचलून नाल्यात फेकलं. परत येताना तिने फोटो पुन्हा पानठेल्यावर नेऊन लावला, खडूचं लिहिणं पदराने पुसून. ठेलेवाल्याला म्हणाली, "लटकू दे. काढशीन तं पाह्यजो." नंतरही काही दिवस तो तिथे होता. भट्टी मात्र नाल्यावर पुन्हा लागली नाही.

मी घरी आले ती वाऱ्यावर चालत. साडीला मोहाचा वास होता, हात खरचटले होते. नवरा नर्सरीत खुंटांच्या रांगेत बसून डोळे बांधत होता, एकटाच. गेले काही दिवस तो कुठे गेला नव्हता. बाजाराला नाही, सोसायटीत नाही. मी समजत होते की अध्यक्षांचा राग आला म्हणून जात नाही. मी त्याच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं, मैत्रीण काय म्हणाली, म्हातारी काय म्हणाली, सगळं. सांगताना मी हसत होते. तो ऐकत होता. माझं बोलून झालं तेव्हा त्याने पट्टीची गाठ आवळली आणि खाली पाहूनच म्हणाला, "झालं ना. आता तू मनाले लावून घेऊ नको. परदेशात कोनाच्याही हातून होते. घोटभर घेतली असन तं घेतली असन. मी तं तवाच माफ केलं."

मला आधी वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"काय माफ केलं?" मी विचारलं.

"जाऊ दे न," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. उलट माया होती. तो इतके दिवस घराबाहेर पडला नव्हता तो मला सांभाळून घेण्यासाठी. कोणी काही विचारलं तर आपल्याला खोटं बोलावं लागेल म्हणून. "मी कोनाले काई बोललो नाई. बोलनारबी नाई."

गावाने मला पेताड म्हटलं तेव्हा मी भांडले. अध्यक्षांच्या दारात भांडले, दुकानात भांडले. पण इथे भांडायचं तरी कसं? पारावर उभ्या असलेल्या, एरवी कामापुरत्याच भेटणाऱ्या बायांनी नुसत्या फोटोकडे बघून मला ओळखलं. परक्या देशातल्या म्हाताऱ्याने न बोलता ओळखलं. आणि ज्याच्या आयुष्यासाठी मी त्या तळघरात जीभ टाळूला चिकटेपर्यंत बसले होते, त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्याने परस्पर गुन्हा धरला आणि परस्पर सोडूनही दिला.

"मी पेली नाई," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

"बरं नाई. मी पेली नाई."

त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चांगला माणूस होता तो. शेवटपर्यंत चांगलाच वागला, आणि गावात आजही त्याचं नाव निघालं की लोक हात जोडतात. त्या दिवशीही तो माझ्याकडे अगदी प्रेमाने पाहत होता, चुकलेल्या लेकराकडे पाहावं तसं, आणि मला कळलं की हे मी त्याला आयुष्यभर सांगत राहिले तरी तो मला आयुष्यभर माफच करत राहणार आहे.